उमरठ ते रायगड : एका श्वानायुष्याचे अंतर

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते नरवीर तानाजी मालुसरे यांच्यामुळे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी पडले. त्यांचा देह मावळ्यांनी घाट उतरून कोकणात या गावी आणला. ज्या वाटेने तो आणला तिला मढे घाट हे नाव त्यावरूनच पडले, असे परंपरा सांगते. २०२५ सालच्या फेब्रुवारीत आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे रायगड पाहण्यास निघाली, तेव्हा वाट थोडी वाकडी करून आम्ही उमरठलाही गेलो. समाधीचे दर्शन घेतले, मुलांना शेलारमामांची गोष्ट सांगितली आणि पाणी पिण्यासाठी एका घराच्या ओटीवर टेकलो.

ओटीखाली एक तांबूस कुत्रा झोपला होता. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, डोळ्यांत निळसर झाक. एवढी माणसे आली तरी त्याने मान उचलली नाही. आमच्यातल्या एका मुलीने घरातल्या वृद्ध गृहस्थांना विचारले, "बाबा, ह्याचं वय काय हो?" त्यांनी क्षणभर आठवून सांगितले, "सावित्रीवरचा पूल गेला ना, त्या पावसाळ्यात आणलाय. एवढासा व्हता."

महाड व पोलादपूर यांच्या दरम्यानचा सावित्री नदीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीने नेल्या, हे वाचकांना स्मरत असेल. म्हणजे कुत्रा साडेआठ वर्षांचा. शाळेत शिकणाऱ्या त्या मुलीने लगेच हिशेब केला, "साडेआठ साते एकोणसाठ-साठ. म्हणजे माणसाचा साठ वर्षांचा." ते गृहस्थ पंचाहत्तरीचे असावेत. हसून म्हणाले, "मंग माझ्या धाकट्या भावाएवढा म्हनायचा की!"

सर्वजण हसले आणि तो विषय तेथेच संपला. मात्र रायगडाच्या वाटेवर तो आमच्या मनातून जाईना. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते प्रथम कोणी सांगितले? आणि ते खरे आहे काय?

सर्वप्रथम लक्षात घ्यावयाचे ते हे की, माणसाचे वय आपल्याला ठाऊक असते, याचे श्रेय पुष्कळ अंशी नोंदवह्यांना आहे. ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहाची नोंदवही ठेवण्याचा दंडक घातला. बाप्तिस्म्याच्या नोंदींनाही त्याच धर्मसभेने शिस्त लावली. ख्रिस्तमंदिराच्या कपाटातील त्या जुन्या वह्यांमुळे आपल्या पणजोबांचे वय आपण आज सांगू शकतो. ज्यांच्या नशिबी अशी वही नव्हती त्यांचे वय कोकणात पूर, साथ, दुष्काळ आणि दरडी यांवरून मोजले गेले. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात २००५ च्या जुलैतील दरडी, २०१६ चा पूल, २०२१ च्या जुलैतील तळिये गावाचा घात, ही तेथील लोकांची पंचांगे आहेत. कुत्र्याला तर वही कधीच नव्हती. मनुष्याचा हा सर्वांत जुना सोबती शेकडो पिढ्या आपल्या दारात जन्मला आणि मेला, पण त्याचे वय कोणी लिहून ठेवले नाही. म्हणूनच त्याच्या वयाविषयी जे काही सांगितले गेले ते बहुधा अंदाज, दंतकथा किंवा अंकगणित, या तिघांपैकी एक होते.

अपवाद आहेत, आणि त्यांतला पहिला मोठा आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात कुत्र्यांच्या आयुष्याची नोंद केली आहे. स्पार्टाकडील शिकारी जातीचा नर दहा वर्षे जगतो व मादी बारा वर्षे, इतर जातींचे कुत्रे चौदा-पंधरा वर्षे आणि काही तर वीस वर्षांपर्यंत जगतात, असे तो सांगतो. नर लवकर मरतो याचे कारण त्याला श्रम अधिक पडतात, असे त्याचे मत. कुत्र्याचे वय दातांवरून ओळखावे, तरुणाचे दात पांढरे व टोकदार, म्हाताऱ्याचे काळे व बोथट, हेही त्याने लिहून ठेवले. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचे हे आकडे आजच्या आकड्यांच्या इतके जवळ आहेत की आश्चर्य वाटते. याच ठिकाणी तो होमरच्या महाकाव्याचीही आठवण काढतो. ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो, वेष पालटलेल्या त्या राजाला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस तेवढा ओळखतो, शेपटी हलवतो आणि प्राण सोडतो. वीस वर्षे हे कवीचे अतिशयोक्त बोलणे नव्हे, असे लोक मानतात, हे अॅरिस्टॉटलने नमूद केले आहे. आर्गोस उकिरड्यावर पडला होता, अंगावर गोचिड्या होत्या आणि धन्याजवळ उठून जाण्याची शक्ती त्याच्यात नव्हती, हा तपशील मात्र आम्हाला वीस या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. वार्धक्य म्हणजे काय हे त्या कवीने पाहिले होते.

पवित्र बायबलात कुत्र्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी तुच्छतेनेच येतो. लाजरसाचे फोड चाटणारे कुत्रे आणि मेजाखालचा चुरा खाणारी कुत्री आपल्याला परिचित आहेत. तोबीतच्या पुस्तकातील कुत्रा मात्र निराळा. तरुण तोबिया राफाएल देवदूतासमवेत प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही निघतो, आणि परतीच्या वाटेवरही तो मागोमाग असतो. त्याला नाव नाही, वय नाही. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तो शेपटी हलवीत पुढे धावत येतो, जणू शुभवार्ता घेऊन. अंध वृद्ध पित्याच्या घरी सर्वांआधी कुत्र्याने पोहोचावे, ही कल्पना ज्याने खेडेगावात संध्याकाळी घरी परतणारी माणसे पाहिली आहेत त्याला मुद्दाम समजावून सांगावी लागत नाही.

संतांच्या चरित्रांतही कुत्रे आहेत. संत रोक यांना भाकरी आणून देणारा कुत्रा त्यांच्या मूर्तीतही पायाशी असतो. परंतु कुत्र्याच्या वयाचा प्रश्न उघडपणे विचारला गेला तो संत जॉन बॉस्को यांच्यापुढे. तुरिन शहरात १८५० नंतरच्या दशकात त्यांच्या जिवावर उठलेली माणसे होती आणि रात्री-अपरात्री एकटे चालताना एक मोठा करडा कुत्रा कुठूनसा येऊन त्यांचे रक्षण करीत असे. त्याला ते 'ग्रिज्यो', म्हणजे करडा, म्हणत. पुढे १८८३ साली, सुमारे तीस वर्षांनंतर, इटलीच्या समुद्रकिनाऱ्याकडे रात्री वाट चुकली असता तसाच एक कुत्रा पुढे झाला व त्याने त्यांना मुक्कामी पोहोचविले. ही हकीकत ऐकून कोणी तरी शंका काढली की, कुत्रा एवढा जगत नाही. तेव्हा डॉन बॉस्को हसून म्हणाले की, मग तो त्याचा मुलगा किंवा नातू असेल! चमत्कार सिद्ध करण्याचा हट्ट नाही आणि शंकेखोराचा रागही नाही. संतांच्या विनोदबुद्धीचे हे उदाहरण आम्हाला फार आवडते.

आता अंकगणिताकडे वळू. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठमंदिरात मुख्य वेदीसमोर रंगीत दगडांची एक फरशी आहे. तिसऱ्या हेन्री राजाच्या काळात, १२६८ साली, रोमहून आलेल्या कारागिरांनी ती घातली. इंग्लंड तेव्हा कॅथोलिक होते. या फरशीवर पितळी अक्षरांत एक लॅटिन कोडे बसविलेले होते, आणि ते जगाच्या अंताचा काळ सांगत होते. त्याचा हिशेब असा : कुंपण तीन वर्षे टिकते. कुत्रा त्याच्या तिप्पट जगतो, घोडा कुत्र्याच्या तिप्पट, माणूस घोड्याच्या तिप्पट आणि याप्रमाणे हरिण, कावळा, गरुड, देवमासा यांवरून जगापर्यंत. म्हणजे कुत्रा ९, घोडा २७, माणूस ८१ आणि जग १९,६८३ वर्षे. आमच्या माहितीत कुत्र्याचे आणि माणसाचे आयुष्य एका गणितात बांधणारी ही फार जुनी मांडणी आहे. तिच्यानुसार कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात नव्हे, नऊ वर्षे. ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्स राजाचा राज्याभिषेक याच फरशीवर झाला, तेव्हा दूरचित्रवाणीवर ती जगाने पाहिली. कुत्र्याचे आयुष्य तिच्यात गुंफलेले आहे हे किती जणांना ठाऊक असेल?

सात हा आकडा दिसतो तो अठराव्या शतकात, आणि तोही वेगळ्या अर्थाने. बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७५५ साली असा सिद्धान्त मांडला की, प्राणी जितका काळ वाढतो त्याच्या ठराविक पटीत जगतो. कुत्रा दोन वर्षे वाढतो, म्हणून सात दुणे चौदा वर्षे जगतो. माणूस चौदा वर्षे वाढतो, म्हणून त्याने सहा-सात पटींनी नव्वद-शंभर वर्षे जगावे. यात कुत्र्याचे वय माणसाच्या वयात बदलण्याचा विचार नाही. पुढे विसाव्या शतकात जो ढोबळ नियम लोकांच्या तोंडी बसला त्याचे गणित उघड आहे : माणसाचे आयुष्य सत्तर वर्षे, कुत्र्याचे दहा, भागाकार सात. सत्तर हा आकडा नव्वदाव्या स्तोत्रातही आहे, म्हणून तो आपल्या कानाला अधिकच सुखावतो.

पण शेवट जुळला म्हणजे वाट जुळली असे होत नाही. कुत्रीच्या पोटात पिल्लू नऊ आठवडे असते, आईच्या पोटात मूल नऊ महिने. पिल्लाचे सगळे दुधाचे दात पडून पक्के बेचाळीस दात येण्यास सात महिने पुरतात. वर्षाच्या आत-बाहेर कुत्री वेते. सातच्या नियमाने पाहिले तर ती सात वर्षांची बालिका ठरते! म्हणजे पहिल्या वर्षी कुत्रा सातपटीने नव्हे, फार अधिक वेगाने वाढतो आणि मग त्याचा वेग मंदावतो. म्हणून पशुवैद्य सामान्यतः असे सांगतात की, मध्यम आकाराच्या कुत्र्याचे पहिले वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांबरोबर धरावे, दुसरे आणखी नवांबरोबर, आणि त्यानंतरचे प्रत्येक सुमारे पाचांबरोबर. या मापाने उमरठचा कुत्रा छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा होतो.

२०२० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील संशोधकांनी आणखी खोलवर जाऊन पाहिले. देहातील पेशींच्या केंद्रकांत जी आनुवंशिक सूत्रे असतात त्यांच्यावर वयाबरोबर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बदलत जातात, जणू वहीच्या पानांवर पडत जाणारे डाग. कुत्र्याला बाप्तिस्म्याची वही नाही असे आम्ही वर म्हटले, परंतु परमेश्वराने ती त्याच्या रक्तातच लिहून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही. १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या या खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहता असे दिसले की, आठ आठवड्यांचे पिल्लू सुमारे नऊ महिन्यांच्या बाळासारखे असते आणि दोघांनाही त्याच सुमारास दुधाचे दात येतात. एक वर्षाचा कुत्रा तिशीतल्या माणसाजवळ येतो, चार वर्षांचा त्रेपन्नाजवळ, आणि बारा वर्षांचा एकाहत्तरीजवळ. म्हणजे तारुण्य झपाट्याने सरते आणि वार्धक्य लांबते. या मापाने उमरठचा कुत्रा पासष्टीचा. अभ्यास एकाच जातीचा असल्यामुळे ही मोजपट्टी सर्व कुत्र्यांना जशीच्या तशी लावता येत नाही, हे खरे. तरी मुलीच्या साठाशी आणि पशुवैद्यांच्या छप्पन्नांशी हा आकडा ताडून पाहिला की लक्षात येते, मधल्या वयात सातचा नियम फारसा चुकत नाही. तो चुकतो आरंभी.

आकाराची गोष्ट तर सर्वांत विलक्षण. सृष्टीत सामान्यतः मोठा प्राणी अधिक जगतो, हत्ती उंदरापेक्षा कितीतरी पट जगतो. कुत्र्यांत हे उलट आहे. ग्रेट डेनसारखे भले मोठे कुत्रे आठ-दहा वर्षांत संपतात आणि मांडीवर मावणारे चौदा-पंधरा वर्षे जगतात. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ७४ जातींचा अभ्यास करून असे दाखविले की, दर दोन किलो वजनामागे आयुष्य सुमारे एक महिन्याने घटते. मोठे कुत्रे म्हातारपणाला लवकर सुरुवात करतात असे नव्हे, तर एकदा सुरुवात झाली की ते भरभर म्हातारे होतात. ब्रिटनमध्ये २०२४ साली ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदींवरून आयुर्मानाचा मध्य साडेबारा वर्षे निघाला. अॅरिस्टॉटलचे दहा, बारा, चौदा हे आकडे आठवावेत!

अतिदीर्घायुषी कुत्र्यांच्या बातम्या अधूनमधून येतात. ऑस्ट्रेलियातील ब्लूई नावाचा गुराखी कुत्रा १९३९ साली मेला तेव्हा २९ वर्षे ५ महिन्यांचा होता, असे मानले जाते. पोर्तुगालमधील बॉबी याला २०२३ साली गिनेस पुस्तकाने जगातील सर्वांत वृद्ध कुत्रा म्हणून गौरविले. त्याच वर्षी तो एकतीस वर्षांचा होऊन वारला असे सांगितले गेले. परंतु जन्माचा भक्कम पुरावा नसल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मान काढून घेण्यात आला. धन्याचे सांगणे होते, वही नव्हती. वसईकरांना पोर्तुगीज कारभाराची कागदप्रियता ठाऊक आहे, पण ती कुत्र्यांपर्यंत पोहोचली नव्हती एवढे खरे.

हे सर्व आकडे पाळीव, औषधोपचार मिळणाऱ्या कुत्र्यांचे आहेत, हे विसरता कामा नये. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या आणि रस्त्यांवरच्या कुत्र्यांचे काय? कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी बंगालमध्ये ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर पाच वर्षे नजर ठेवली. सात महिन्यांचा टप्पा गाठला तो शेकडा १९ पिल्लांनी. बहुतेकांच्या मृत्यूमागे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष माणूसच होता, मोटारी, मारहाण, उचलून नेणे. तेव्हा उमरठच्या ओटीखाली पडलेला तो साडेआठ वर्षांचा म्हातारा हा शंभरांतल्या एकोणीस भाग्यवंतांपैकी, आणि त्यांतूनही पुढे आलेल्या मोजक्यांपैकी होता. त्याच्या वार्धक्यात त्या घराचा वाटा होता.

याउलट एक जुनी गोष्टही सांगितली पाहिजे. १९१४ साली जर्मनीत बॉन शहराजवळ सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे पिल्लू. दातांच्या अभ्यासावरून अलीकडे असे दिसून आले की, ते पिल्लू सुमारे अठ्ठावीस आठवड्यांचे होते आणि मरण्याआधी कित्येक आठवडे ते एका भयंकर रोगाने आजारी होते. माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय ते इतके दिवस जगणे शक्य नव्हते. अजून शेतीही न जाणणाऱ्या त्या माणसांना शिकारीला निरुपयोगी अशा आजारी पिल्लाची गरज ती काय असावी?

रायगडावर पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. शिवछत्रपतींच्या समाधीला वंदन करून आम्ही जवळच्या उंच चौथऱ्यावरील वाघ्याच्या पुतळ्याकडे वळलो. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या स्वामिनिष्ठ कुत्र्याची कथा सर्वश्रुत आहे. हे स्मारक १९३६ साली, होळकरांच्या देणगीतून उभारले गेले. समकालीन साधनांत या कुत्र्याचा उल्लेख नाही, म्हणून ते तेथे असावे की नसावे यावर वाद आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये काहींनी पुतळा उखडून टाकला व तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ च्या मार्चमध्ये तो हटविण्याची मागणी नव्याने पुढे आली आणि तिला विरोधही झाला. या वादात निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. पुराव्याचा आग्रह धरणे हे इतिहासाचे कर्तव्यच आहे, आणि कथा व नोंद यांतला भेद आम्हा ख्रिस्ती माणसांना संतचरित्रे वाचताना नेहमीच करावा लागतो. कुत्र्याच्या स्मारकाला दक्षिणेत पुरावा असलेली परंपराही आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील, दहाव्या शतकाच्या मध्यावरील आतकूरचा शिलालेख हा 'काळी' नावाच्या शिकारी कुत्र्याचे स्मारक आहे. रानडुकराशी झुंजताना तो मेला.

आम्हाला तेथे उभे असताना सुचले ते वेगळेच. उमरठला तानाजींचा देह आला १६७० च्या फेब्रुवारीत. रायगडावर महाराजांनी देह ठेवला ३ एप्रिल १६८० रोजी. मध्ये दहा वर्षे दोन महिने. एका कुत्र्याचे आयुष्य! तानाजी गेले त्या साली उमरठच्या कोणत्या तरी ओटीखाली जन्मलेले पिल्लू महाराज गेले तेव्हा म्हातारे झालेले असणार, डोळ्यांत निळसर झाक, कानांनी अधू. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी ते ऐन भरात, आणि त्या सोहळ्याच्या वेळी जन्मलेले पिल्लू १६८० मध्ये सहा वर्षांचे प्रौढ. शिवरायांचे स्वतःचे आयुष्य पन्नास वर्षांचे, म्हणजे कुत्र्यांच्या चार-पाच आयुष्यांइतके. सिंहगडापासून रायगडापर्यंतचा जो काळ पाठ्यपुस्तकात आम्हाला अफाट वाटत असे, तो अशा मापाने एकाएकी हाताएवढा झाला. कथा रचणाऱ्यांनी वाघ्याला वय दिले नाही, पुतळ्यातला कुत्रा तर कधीच म्हातारा होत नाही. धन्याला पन्नासाव्या वर्षी मरताना पाहणारा कुत्रा बहुधा धन्याहून 'थोरला' असतो, हे त्या कथेत कोणी सांगत नाही.

येथे एक कबुली दिल्यावाचून पुढे जाववत नाही. आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. अकराव्या-बाराव्या वर्षी तो हाक मारली तरी येईनासा झाला. खाणे वाढले की उठे, एरवी नाही. 'माजला आहे', 'लाडावला आहे', असे आम्ही म्हणत असू, आणि एकदा दोनदा त्याला काठीही बसली. रात्री तो भिंतीकडे तोंड करून उभा राही, त्याचीही आम्ही थट्टा केली. पुढे गुरांच्या डॉक्टरांना दुसऱ्याच कारणासाठी बोलाविले, तेव्हा त्यांनी मोतीच्या डोक्यामागे जोराने टाळी वाजवून दाखविली. त्याचा कानही हलला नाही. भिंतीकडे पाहत राहणे हे म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशाचे लक्षण, जसे माणसांत तसेच कुत्र्यांत, असे त्यांनी सांगितले. आमच्या आजी त्याच सुमारास संध्याकाळी कुलूप न लावलेले दारही पुन्हा पुन्हा चाचपून पाहत. त्यांना आम्ही कधी रागावलो नव्हतो. त्यांचे वय आम्हाला ठाऊक होते.

मोतीचेही ठाऊक होते, वर्षे आम्ही नीट मोजली होती. परंतु ती मोजून त्यांचा अर्थ काय हे आम्ही कधी विचारले नव्हते. सातने गुणण्याची हौस मुलांना, आणि मोठ्यांना त्यातून गंमत. गुणाकाराचे उत्तर ऐंशीच्या घरात आले तेव्हा त्या उत्तराने आमच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्याही जिवाकडे लक्ष देतो असे सांगितले आहे. ते वचन आम्ही अनेकदा ऐकले असेल, पण मोतीची आठवण तेव्हा आली नाही.

रायगडाहून परतताना अंधार होण्याआधी पुन्हा उमरठच्या त्या घरी थांबलो, कारण एका मुलाची टोपी ओटीवर राहिली होती. कुत्रा आता अंगणाच्या टोकाला उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात पडला होता. त्या बाबांनी त्याच्यासाठी भाकरीचा काला वाढला. त्यांनी हाक मारली नाही. हातातली काठी जमिनीवर दोनदा आपटली. कुत्र्याने मान उचलली, आधी पुढचे पाय, मग थोडा थांबून मागचे, असा तो उठला आणि सावकाश त्यांच्याकडे चालू लागला. "ऐकू येत न्हाई त्याला दोन पावसाळं झालं," बाबा म्हणाले, "पन भुई हलली की कळतंय."